कमिट कधी करायचं, कुठे करायचं: कॉलेज बेसबॉलच्या उंबरठ्यावरची मुलं आणि त्यांच्या आईबाबांसाठी

अमेरिकेत अकरावी-बारावीत बेसबॉल खेळणारा मुलगा घरात असेल, तर उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत जेवणाच्या टेबलावर एकच विषय असतो. टीममधला कोणीतरी कॉलेजचा लोगो टाकून ‘कमिटेड’, म्हणजे या कॉलेजकडून खेळायचं ठरलं, असं जाहीर करतो, लगेच दुसरा करतो, आणि मग आपल्या मुलाचं कधी ही धाकधूक सुरू होते. न्यू जर्सीपासून टेक्सास-कॅलिफोर्नियापर्यंत बऱ्याच मराठी घरांत आता हे चालू आहे. आईबाबा स्वतः गल्लीत क्रिकेट खेळून मोठे झालेले, त्यामुळे विचारायचं कोणाला हेही कळत नाही. हा लेख अशा घरांसाठी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. कोच मुलाचं किती कौतुक करतात यावरून काहीच ठरवता येत नाही. त्यांना त्याची गरज किती आहे, ती गरज कोणत्या वर्षी आणि कोणत्या जागेवर आहे, हे शोधून काढा. कधी आणि कुठे या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बहुतेक त्यातूनच मिळतात.

पहिली पायरी: बदललेले नियम

पाच वर्षांपूर्वी ज्यांची मुलं या वाटेने गेली, त्यांचा सल्ला आज जसाच्या तसा घेऊ नका. कॉलेज खेळांची मोठी संघटना एनसीएए, आणि तिची सगळ्यात वरची पायरी म्हणजे डिव्हिजन १ (डी-वन). तिथे बेसबॉलच्या एका टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप असायच्या आणि त्या बऱ्याच मुलांत वाटल्या जायच्या. ६ जून २०२५ रोजी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या ‘हाऊस’ खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांत २०२५-२६ पासून स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि तिच्या जागी रोस्टरची, म्हणजे टीमच्या यादीची, मर्यादा आली: ३४ खेळाडू. म्हणजे नियमाने ३४ च्या ३४ जणांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते. पण मर्यादा उठली म्हणून कॉलेजकडे पैसे आले असं होत नाही. अनेक कॉलेजं आजही पूर्वीइतकाच, कधी त्याहून कमी खर्च करतात. म्हणून प्रत्येक कोचना विचारायचा पहिला प्रश्न हा, की तुमच्या कॉलेजने तडजोड स्वीकारली आहे का, आणि बेसबॉलला प्रत्यक्षात किती पैसा मिळतो.

बाकीच्या पायऱ्यांवरचं चित्र वेगळं आहे. डिव्हिजन २ मध्ये टीममागे ९ स्कॉलरशिप, एनएआयए या लहान कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेत १२, आणि दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांच्या, म्हणजे ‘ज्युको’च्या, वरच्या गटात २४. डिव्हिजन ३ (डी-थ्री) आणि हार्वर्ड-येलसारख्या विद्यापीठांची आयव्ही लीग खेळासाठी एक डॉलरही देत नाहीत. तिथे मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर, आणि डी-थ्रीच्या काही कॉलेजांत गुणांवरही.

दुसरा बदल ट्रान्सफर पोर्टलचा, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीचा. २०१८ मध्ये ते सुरू झालं, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळणारा खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो. कोचच्या जागी बसून पाहा. जागा ३४, आणि समोर एकीकडे अठरा वर्षांचा होतकरू पिचर, दुसरीकडे बावीस वर्षांचा, तीन हंगाम खेळून तयार झालेला. नोकरी टिकवायची असेल तर अनेक कोच दुसऱ्याला घेतात. त्यामुळे हायस्कूलमधून थेट येणाऱ्यांच्या जागा कमी झाल्या आहेत. तुमच्या मुलाला उशिरा फोन आले, तर तो कमी पडतोय असा अर्थ लगेच काढू नका.

दुसरी पायरी: मुलगा आज कुठे उभा आहे

हे काम घरच्यांनी करायचं नाही. ट्रॅव्हल टीमच्या, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लब टीमच्या, कोचनीही एकट्याने करायचं नाही, कारण त्यांनाही ‘आमची इतकी मुलं डी-वनला गेली’ असं सांगायला आवडतं. ज्याला तुमच्याकडून काहीच मिळवायचं नाही अशा माणसाला विचारा: समोरच्या टीमचे कोच, पूर्वी कॉलेजात खेळलेला एखादा ट्रेनर.

आकड्यांचा उपयोग आहे, पण तो मर्यादित. मोठ्या कॉन्फरन्समध्ये (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांत) उजव्या हाताच्या पिचरकडून ताशी ९० मैलांच्या घरातल्या वेगाची अपेक्षा असते. आउटफिल्डर ६० यार्ड सात सेकंदांच्या आत धावावा, कॅचरचा पॉप टाइम (चेंडू पकडल्यापासून तो दुसऱ्या बेसवर पोहोचेपर्यंतचा वेळ) दोन सेकंदांच्या आसपास असावा, असं साधारण गणित आहे. मुलगा याच्या जवळपासही नसेल, तर शोकेसवर, म्हणजे कोचना खेळ दाखवायच्या मेळाव्यांवर, आणखी पैसे घालण्याऐवजी ते व्यायामशाळेत आणि ट्रेनिंगवर घाला. परफेक्ट गेम किंवा प्रेप बेसबॉल या कंपन्यांच्या शोकेसला जायचं ते आकडे दाखवण्याजोगे झाल्यावर.

उत्तम उपाय फुकट आहे. मनात असलेल्या कॉलेजचे दोन सामने जाऊन पाहा, आणि तेही वॉर्म-अपपासून. इनफिल्डर चेंडू कसा उचलतात, बेंचवरची मुलं अंगाने केवढी आहेत, बुलपेनमधला (राखीव पिचरांतला) सहावा-सातवा पिचर कसा टाकतो, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. घरी येताना आपण होऊन काही बोलू नका. तो काय म्हणतो ते ऐका. मुलांना स्वतःची पायरी आपल्याला वाटतं त्यापेक्षा नीट कळते.

तिसरी पायरी: कॅलेंडर

डी-वनचे कोच अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी रिक्रूटिंगबद्दल बोलू शकत नाहीत. आठवी-नववीतली मुलं कमिट व्हायला लागली होती, म्हणून २०२३ मध्ये हा नियम आला. डिव्हिजन २ साठी तारीख दहावीनंतरची १५ जून. डी-थ्री आणि एनएआयएचे कोच त्याआधीही ईमेल-फोन करू शकतात. मुलाने मात्र कोणालाही, कधीही लिहावं. उत्तर आलं नाही तरी ईमेल वाचला जातो.

१ ऑगस्टच्या दिवशी फोन वाजतो तो देशातल्या मोजक्या मुलांचा. वरच्या डी-वनच्या जागा अकरावीच्या वर्षात भरत जातात, मधल्या डी-वनच्या अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात. डी-थ्री आणि आयव्हीचा खरा हंगाम तोच उन्हाळा आणि त्यानंतरचा सप्टेंबर-ऑक्टोबर. डिव्हिजन २, एनएआयए आणि ज्युकोकडे बारावीच्या वसंतापर्यंत, कधी त्यानंतरही जागा असतात. कारण जूनमध्ये पोर्टलची उलथापालथ होते, जुलैत ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांची खेळाडू-निवड, होतो आणि अचानक कोणीतरी निघून जातं.

सह्या बारावीच्या नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरू होतात. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (मुलाला कॉलेजशी बांधणारं पत्र) ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता सही होते ती आर्थिक मदतीच्या लेखी करारावर. त्या सहीपर्यंत कमिटमेंट तोंडी असते. ती मुलाला बांधत नाही आणि कॉलेजलाही नाही, म्हणून तोंडी कमिट झालं की सुपारी फुटली असं समजू नका.

अभ्यासाचं एकच सांगतो. डी-वनला १६ कोअर कोर्स (मुख्य विषय) आणि त्यांत किमान २.३ जीपीए (सरासरी गुण) लागतो, आणि त्यातले १० कोर्स बारावी सुरू होण्याआधी पूर्ण झालेले असावे लागतात. नववीतच शाळेच्या काउन्सेलरकडून आपल्या शाळेचे कोणते विषय एनसीएएच्या यादीत बसतात ते पाहून घ्या.

चौथी पायरी: ऑफर खरी आहे का

सगळ्यात जास्त घरं इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबू.

कॅम्पचं आमंत्रण ही ऑफर नव्हे. ‘आम्ही तुझ्यावर लक्ष ठेवून आहोत’ ही नव्हे. ‘तू आमच्या सिस्टिममध्ये छान बसशील’ हीही नव्हे. कॅम्पच्या फीमधून अनेक ठिकाणी सहायक कोचचा पगार निघतो, त्यामुळे आमंत्रणाचा ईमेल हजारोंना जातो. त्यात मुलाच्या एखाद्या विशिष्ट सामन्याचा उल्लेख असेल, किंवा कोचनी स्वतःच्या फोनवरून निरोप पाठवला असेल, तरच त्याला अर्थ आहे.

ऑफर म्हणजे चार गोष्टी स्पष्ट सांगणं: कोणत्या वर्षाच्या वर्गात (त्या वर्षी येणाऱ्या नव्या खेळाडूंत), रोस्टरवर नक्की जागा आहे का, पैसे किती, आणि उत्तर कधीपर्यंत हवं. यातली एकही गोष्ट धूसर असेल तर मुलाने त्याच फोनवर विचारायचं, ‘कोच, ही ऑफर आहे असं मी समजू का?’ हा प्रश्न उद्धट नाही. कोचना त्याची सवय असते. विचारताना घसा कोरडा पडतो हे खरं, म्हणून घरी दोनदा बोलून सराव करा. पण विचारायचं मुलानेच. बाबा सगळे फोन घेतात हे पाहून अनेक कोच मागे सरतात.

पैशांचं बोलणं सुरू झालं की आईबाबांनी बसायला हरकत नाही. चाळीस टक्के म्हणजे कशाचे चाळीस टक्के? फक्त ट्यूशनचे, की राहणं-जेवण धरून? राज्याबाहेरच्या फीवर की राज्यातल्या? मदत एका वर्षाची आहे की चारही वर्षांची? गुणांवरची स्कॉलरशिप यातच धरली आहे, की वेगळी? मुलाच्या कोपराला शस्त्रक्रिया लागली तर मदतीचं काय होईल? उत्तरं आली की मुलाने त्याच संध्याकाळी आभाराचा ईमेल लिहावा आणि जे ठरलं ते त्यात पुन्हा मांडावं. कोचनी ‘बरोबर’ म्हणून उत्तर दिलं की तुमच्याकडे निदान लेखी काहीतरी राहतं.

आता गरजेबद्दल. कोचना तुमच्या मुलाची गरज किती, हे काढून घ्यायला तीन प्रश्न पुरतात. या वर्गात त्याच्या जागेवर आणखी किती जणांना घेताय? तुमच्या यादीत तो कितवा आहे? गेल्या दोन वर्षांत पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी किती जण दुसऱ्या वर्षीही टीममध्ये राहिले? तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. सरळ आकडा सांगणारे कोच आणि विषय बदलणारे कोच, यांतला फरक मुलाच्याही लक्षात येतो.

‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ या शब्दांपाशी सावध राहा. पैसे नाहीत, पण टीममध्ये जागा आहे, असा त्याचा अर्थ. ३४ ची मर्यादा आल्यापासून ही जागा सगळ्यात कच्ची झाली आहे. सप्टेंबरमध्ये सरावाला मैदानावर असलेला मुलगा फेब्रुवारीच्या पहिल्या सामन्याच्या रोस्टरवर असेलच असं नाही. कॉलेज अभ्यासासाठी मुलाला मनापासून हवं असेल आणि फी झेपणारी असेल, तरच हो म्हणा.

पाचवी पायरी: ‘शुक्रवारपर्यंत सांगा’

मुदत देण्यात गैर काही नाही. कोचनाही वर्ग भरायचा असतो. दोन-तीन आठवडे मिळाले तर ती प्रामाणिक मुदत. अठ्ठेचाळीस तास मिळाले, तर एकतर कोच दुसऱ्या कोणासाठी थांबले आहेत, किंवा तुम्ही इतरांशी बोलू नये अशी त्यांची इच्छा आहे. अशा वेळी मुलाने सांगावं, ‘कोच, तुमचं कॉलेज माझ्या यादीत वर आहे. आईबाबांना घेऊन कॅम्पस पाहायचं आहे, अमुक तारखेपर्यंत वेळ मिळेल का?’ गरज असेल तर वेळ मिळतो. मिळाला नाही, तर गरज किती होती ते कळलं.

त्याच दिवशी यादीतल्या इतर दोन-तीन कोचना प्रामाणिकपणे कळवा की एक ऑफर आली आहे आणि मुदत ही आहे. नसलेली ऑफर कधीही सांगू नका. कोच एकमेकांना ओळखतात, एकाच शोकेसला शेजारी बसतात.

कॅम्पस न पाहता कमिट करू नका, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन. ऑफिशियल व्हिजिटचा खर्च कॉलेज करतं, आणि २०२३ पासून मुलाने किती कॉलेजांच्या अशा भेटी घ्यायच्या यावर डी-वनमध्ये बंधन राहिलेलं नाही. तिथे गेलात की रोस्टरवरच्या अशा मुलाशी बोला जो फारसा खेळत नाही. त्याच्याकडून जे कळतं ते स्टार खेळाडूकडून कळत नाही.

सहावी पायरी: रोस्टर वाचणं

कॉलेजच्या वेबसाइटवर या वर्षीचं आणि मागच्या दोन वर्षांचं रोस्टर काढा, कागद घ्या आणि मांडा. मुलाच्या जागेवर किती जण, कोणत्या वर्षाचे? त्यांतले किती दुसऱ्या कॉलेजातून आले? दोन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला असलेले आज किती उरले? मग आकडेवारीत जाऊन पहिल्या वर्षाच्या पिचरनी किती इनिंग टाकल्या, किती जणांना पन्नास वेळा तरी फलंदाजीला उभं केलं, ते पाहा. मुलगा शॉर्टस्टॉप असेल आणि तिथे दुसऱ्या वर्षाचे दोन चांगले शॉर्टस्टॉप असतील, तर त्याला नक्की कुठे खेळवणार हे कोचना विचारायलाच हवं. एक संध्याकाळ यात जाते. माझ्या मते या साऱ्या प्रवासात याहून सार्थकी लागणारी संध्याकाळ नाही.

कोचसाठी कॉलेज निवडू नका. टेक्सास ए अँड एमचे जिम श्लॉसनॅगल २४ जून २०२४ ला कॉलेज वर्ल्ड सिरीजचा (राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेचा) अंतिम सामना हरले आणि दुसऱ्याच दिवशी कट्टर प्रतिस्पर्धी टेक्सासकडे गेल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी टेनेसीला अजिंक्यपद मिळवून देणारे टोनी व्हिटेलो ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघाचे मॅनेजर झाले, म्हणजे बारावीच्या मुलांच्या सह्यांना जेमतेम काही आठवडे उरले असताना. या माणसांनी आपापल्या कामाचा विचार केला, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. कोच उद्या गेले तरी मुलाला तिथे राहावंसं वाटेल का, हे आज विचारा. आणि बेसबॉलच थांबला तर? खांदा दुखावला आणि चेंडू पुन्हा हातात आलाच नाही, तर त्याच वसतिगृहात, त्याच विषयात, त्याच गावात चार वर्षं काढायला तो तयार आहे का?

विषयाचंही आधी बोलून घ्या. डी-वनचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो, ५६ पर्यंत सामने, आठवड्यातल्या सामन्यांशिवाय शुक्रवार ते रविवार मालिका, परगावी असेल तर गुरुवारीच बस. इंजिनीअरिंगच्या किंवा प्री-मेडच्या दुपारच्या लॅब आणि सराव यांची टक्कर होते. ‘आमच्याकडे चालतं’ असं कोच म्हणाले, तर सध्या टीममध्ये कोणकोण तो विषय करतंय हे विचारा, आणि त्यांच्याशी बोला.

डी-थ्री आणि आयव्हीची वाट

मराठी घरांतल्या अनेक मुलांसाठी खरी सोयीची वाट ही आहे, आणि तिच्याकडे उगाच कमीपणाने पाहिलं जातं. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, एमरी, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट हे सगळे डी-थ्री खेळतात. इथे कोच पैसे देऊ शकत नाहीत, पण बऱ्याच ठिकाणी प्रवेशासाठी आपलं वजन टाकू शकतात. अकरावीचे गुण हाती आले की उन्हाळ्यात ते मुलाचे कागद प्रवेश कार्यालयाला दाखवतात. त्याला ‘प्री-रीड’ म्हणतात. तो अनुकूल आला, तर कोच बहुधा अर्ली डिसिजनने, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच यायचं या अटीवर, अर्ज करायला सांगतात.

विचारायचं ते असं: प्री-रीडचं नेमकं उत्तर काय आलं? तुम्ही मला पूर्ण पाठिंबा देताय का? असा पाठिंबा दिलेल्या मुलांपैकी गेल्या वर्षी कितींना प्रवेश मिळाला नाही? एमआयटीसारख्या ठिकाणी कोचचा शब्द ही फक्त शिफारस असते, हे लक्षात ठेवा. आयव्हीमध्ये १ ऑक्टोबरनंतर ‘लाइकली लेटर’, म्हणजे प्रवेश बहुधा मिळेल असं कळवणारं पत्र, येऊ शकतं, आणि ते येईपर्यंत बाकीचे अर्ज तयार ठेवा.

अर्ली डिसिजन बांधून घेतं. म्हणून अर्जाआधी कॉलेजच्या साइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरा आणि आकडा घरात मोकळेपणाने बोला. आयटीतल्या दोन पगारांच्या घराला उत्पन्नावरची मदत अनेकदा फारच थोडी मिळते. हे एप्रिलमध्ये कळण्यापेक्षा सप्टेंबरमध्ये कळलेलं बरं.

व्हिसावरची घरं

मुलगा अजून एच-फोरवर (आईबाबांच्या कामाच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर) असेल तर हे कोचना पहिल्या-दुसऱ्या फोनलाच सांगा, ऑफरनंतर नाही. संघराज्य सरकारची विद्यार्थी-मदत त्याला मिळत नाही. राज्यातली फी लागू होते की नाही हे राज्याराज्यावर अवलंबून आहे. एकवीस पूर्ण झाले की एच-फोर संपतो आणि स्वतःचा स्टेटस, बहुधा एफ-वन (विद्यार्थी व्हिसा), लागतो; चार वर्षांच्या कॉलेजात हे तिसऱ्या-चौथ्या वर्षी, ऐन हंगामातही येऊ शकतं. शिकण्यासाठीची स्कॉलरशिप घेणं ही नोकरी धरली जात नाही, पण एनआयएलचे (खेळाडूच्या नाव-छबीच्या वापराचे) किंवा कॉलेजच्या उत्पन्नातल्या वाट्याचे पैसे कामाचा मोबदला ठरू शकतात आणि त्याची परवानगी एच-फोरला नाही. पैशांच्या कोणत्याही करारावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. कोच आणि कॉलेजचं अ‍ॅथलेटिक ऑफिस चांगल्या मनाने चुकीचं सांगू शकतात.

अजून ठरत नसेल तर

ज्युकोला नाक मुरडू नका. व्यावसायिक बेसबॉलचे नामवंत पिचर रॉजर क्लेमन्स आणि अँडी पेटिट टेक्सासच्या सॅन जॅसिंटो कॉलेजात खेळले, ब्राइस हार्पर कॉलेज ऑफ सदर्न नेवाडामधून २०१० च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. सतराव्या वर्षी अंग भरलेलं नसलेल्या मुलाला तिथे पहिल्या दिवसापासून खेळायला मिळतं, आणि डी-वनचे कोच पुढे तिथूनच मुलं घेतात. पिचर पॉल स्कीन्स एअर फोर्स अकॅडमीत दोन हंगाम खेळला, एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) गेला, आणि २०२३ मध्ये अजिंक्यपद आणि ड्राफ्टमधला पहिला क्रमांक दोन्ही त्याला मिळालं. पहिलं कॉलेज शेवटचं असेलच असं नाही.

ड्राफ्टचा प्रश्न फार थोड्यांना पडतो, पण भारतीय घरांना पडलेला आहे. आई-वडील भारतातून आलेला अर्जुन निम्मला फ्लोरिडा स्टेटला कमिट होता. २०२३ मध्ये टोरंटो ब्लू जेजने पहिल्या फेरीत विसाव्या क्रमांकावर निवडल्यावर तो थेट व्यावसायिक बेसबॉलकडे गेला. ज्याच्या आईचं घराणं भारतीय, त्या कुमार रॉकरला २०१८ मध्ये हायस्कूलनंतर कोलोरॅडो रॉकीजने अडतिसाव्या फेरीत निवडलं होतं. तो व्हँडरबिल्टला गेला, पुढच्याच वर्षी कॉलेज वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. कमिटमेंट होती म्हणून दोघांकडेही दुसरा रस्ता खुला होता.

हो म्हणताना

मुलानेच फोन करावा, आणि हेड कोचना करावा. त्यानंतर, काहीही जाहीर करण्याआधी, ज्यांनी वेळ दिला त्या प्रत्येक कोचला त्याने स्वतः कळवावं. निरोप दोन ओळींचा असला तरी चालेल. उद्या पोर्टलमध्ये जायची वेळ आली तर हीच माणसं भेटणार आहेत. मग हायस्कूलच्या कोचना, ट्रॅव्हल टीमच्या कोचना, आणि मग फोटो.

कमिट झाल्यावर दर महिन्याला कोचना एक छोटा ईमेल जाऊ द्या: गुण, वजन, वेग, पुढचे सामने. उत्तरं अचानक थांबली, त्याच जागेवर त्यांनी आणखी तिघांना घेतलं, किंवा हेड कोच बदलले, तर नव्या माणसाला आठवड्याच्या आत फोन करून विचारा, ‘माझी ऑफर होती तशी आहे का?’ उत्तर गोलमोल आलं, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पसंतीच्या कोचना त्याच आठवड्यात लिहा. नोव्हेंबरमध्ये करार आला की त्यातला आकडा, वर्षं आणि अटी त्या जुन्या आभाराच्या ईमेलशी ताडून पाहा, आणि जुळल्यावरच सही करा.